मूत्रपिंडाच्या गाठीचा अहवाल वाचताना

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा अगदी दक्षिण टोकाचा तालुका. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा पावसाचा, भाताचा आणि काजूचा मुलूख कर्नाटकाच्या सरहद्दीला भिडलेला आणि गोव्याला निकट असल्यामुळे येथला माणूस मोठ्या दुखण्यासाठी जिल्ह्याच्याच ठिकाणी जातो असे नाही. शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या कोल्हापुरापेक्षा बेळगाव त्याला सोयीचे पडते; कोणी घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो; आणि प्रसंग अधिक बिकट असला तर मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. त्यामुळे पुष्कळदा असे घडते, की शस्त्रक्रिया एका राज्यात होते, टाके काढण्याचे काम तालुक्याच्या गावी उरकते आणि पुढील तपासण्या तिसऱ्याच शहरात चालू राहतात. या पुढच्या डॉक्टरांनी ना ती गाठ पाहिलेली असते, ना ती काढणारा हात. त्यांच्यापुढे रुजू होतो तो एक कागद, ज्याला आपल्याकडे ‘बायॉप्सीचा रिपोर्ट’ म्हणतात. तो दोन-तीन पानांचा, इंग्रजीत लिहिलेला आणि अनोळखी पदांनी भरलेला असतो. त्या पदांपैकी जे अधिक भेदक दिसते तेवढेच उचलून घरात आक्रोश व्हावा आणि जे खरोखर महत्त्वाचे आहे त्याकडे कोणाचेच लक्ष जाऊ नये, हा अनर्थ टाळावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इतर पुष्कळ ठिकाणच्या गाठींत आधी सुईने तुकडा काढून निदान पक्के करतात आणि मगच शस्त्रक्रियेचा विचार होतो. येथे तसे नेहमीच होत नाही. पोटाची सोनोग्राफी, तीही पुष्कळदा अन्य कारणाने केलेली, मूत्रपिंडात गाठ दाखवते. सीटी स्कॅनवरून तिचे स्वरूप पाहून ती बहुधा कर्करोगाची असावी असा तर्क होतो. आणि त्या तर्काच्या बळावर शल्यविशारद संपूर्ण मूत्रपिंड अथवा गाठीपुरता भाग काढून टाकतात. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी हाती असते ते अनुमान, आणि पहिले निश्चित प्रमाण मिळते ते पॅथॉलॉजीच्या अहवालातच. क्वचित ते प्रमाण सुखद धक्का देणारेही ठरते, कारण ऑन्कोसायटोमा किंवा अँजिओमायोलिपोमा यांसारखी निरुपद्रवी गाठ स्कॅनवर कर्करोगासारखी दिसू शकते.

हा अहवाल तयार होतो कसा, हे ठाऊक असले म्हणजे त्याला आठवडा किंवा त्याहून अधिक अवधी का लागतो, याविषयी मनात किल्मिष उरत नाही. काढलेला अवयव फॉर्मॅलिनच्या द्रावणात बुडवून प्रयोगशाळेकडे जातो, आणि आपल्याकडे ती बरणी पोहोचवण्याचे काम कित्येकदा रुग्णाच्या नातेवाइकांवरच येते. मूत्रपिंड हा भरीव अवयव असल्याने द्रावण आतपर्यंत मुरण्यास वेळ लागतो. म्हणून बरणी मोठी असावी, द्रावण मुबलक असावे आणि ती विनाविलंब पोहोचती करावी, हे नातेवाइकांनी कटाक्षाने पाहावे. प्रयोगशाळेत अवयवाचे माप व वजन घेतले जाते, बाहेरील पृष्ठभागास शाई लावली जाते, मग तो चिरून गाठीच्या निरनिराळ्या भागांतून आणि तिच्या कडांवरून लहान लहान चकत्या घेतल्या जातात. या चकत्यांतील पाणी काढून त्या मेणात बसवतात. अशा मेणाच्या ठोकळ्यांवरून, मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील तीन-चार भागांइतक्या जाडीचे काप यंत्राने काढून, काचपट्टीवर चढवून, जांभळ्या व गुलाबी रंगद्रव्यांनी रंगवले जातात. आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे निरीक्षण करतात. येथे कोणतेही यंत्र आकडा छापून देत नाही. शिक्षित डोळा पाहतो, तुलना करतो, आणि जे पाहिले त्याची जबानी सही करून लिहून देतो.

या शास्त्राला आपल्या देशात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. १८९५ साली जन्मलेले आणि लंडनमध्ये १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केलेले खानोलकर, १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध त्यात दाखविला होता, आणि कमरेला धोतर घट्ट कसल्याने त्याच जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचाही त्यात समावेश होता. असा संबंध केवळ काचपट्टीवरून उमगत नसतो. ज्या माणसाच्या देहातून तो तुकडा आला, त्याची माहिती बरोबर असावी लागते. तेव्हा बरणीसोबत जाणारा अर्ज हा कारकुनी सोपस्कार समजू नये. रुग्णाचे वय, गाठ उजवीकडची की डावीकडची, आधी कोठे कर्करोग झाला होता काय, घरात दुसऱ्या कोणास मूत्रपिंडाची गाठ झाली होती काय, हा तपशील त्यावर भरला आहे याची खातरजमा करावी, कारण तो वाचूनच पॅथॉलॉजिस्टचा विचार योग्य दिशेने चालू लागतो.

आता प्रत्यक्ष अहवालाकडे वळू. प्रारंभी असते उघड्या डोळ्यांनी केलेले वर्णन: कोणत्या बाजूचे मूत्रपिंड, संपूर्ण की अंशतः, गाठी किती, त्यांची मापे काय, त्या वरच्या टोकाला की खालच्या, छेद दिल्यावर रंग कोणता. स्कॅनवरील आणि अहवालातील मापांत थोडा फरक पडतो. रक्ताचा पुरवठा तुटल्यावर गाठ किंचित आक्रसते, म्हणून त्याने गोंधळून जाऊ नये. ‘सोनेरी पिवळी’ हा शब्द येथे वारंवार भेटेल. या पिवळेपणाने एके काळी शास्त्रज्ञांनाही चकविले होते: मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा रंग असाच असल्याने, ही गाठ त्या ग्रंथीच्या भरकटलेल्या कणांपासून उपजते, असा सिद्धांत १८८३ साली पॉल ग्राविट्झ या जर्मन विद्वानाने मांडला. पुढे तो टिकला नाही. पण त्यातून रूढ झालेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव जुन्या कागदांत अजूनही आढळते.

त्यानंतर येतो गाठीचा प्रकार, आणि सर्व अहवालाचा पाया तोच. प्रौढांतील मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के ‘क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा’ या प्रकारचे असतात. या पेशींत मेद व ग्लायकोजेन साठलेले असते. त्यांतील मेद गाठीला पिवळा रंग देतो, आणि काप तयार होताना हे दोन्ही विरघळून गेल्यामुळे पेशी आतून रिकाम्या, स्वच्छ दिसतात. १० ते १५ टक्के गाठी ‘पॅपिलरी’ आणि सुमारे ५ टक्के ‘क्रोमोफोब’ असतात. क्रोमोफोबचा स्वभाव बहुतेक वेळा सौम्य असतो. याखेरीज काही दुर्मिळ आणि उग्र प्रकारही आहेत. मूत्र जेथे साचते त्या पोकळीच्या अस्तरापासून निघणारा ‘युरोथेलियल’ कर्करोग तर स्वभावाने व उपचाराने मूत्राशयाच्या कर्करोगाचा सगा आहे, आणि तो निघाला तर पुढची सर्व दिशाच पालटते. म्हणून ‘कॅन्सर आहे की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘कोणत्या प्रकारचा’ हा प्रश्न पहिला विचारावा.

यापुढे जी दोन पदे येतात त्यांच्या सरमिसळीतून सर्वांत अधिक दुःख उत्पन्न होते: ग्रेड आणि स्टेज. आपल्या बोलण्यात ‘तिसरी स्टेज’, ‘शेवटची स्टेज’ हे शब्द इतके मुरले आहेत, की अहवालात ‘ग्रेड ३’ दिसताच माणसे धीर सोडतात. वस्तुतः ग्रेड म्हणजे पेशींची उग्रता, आणि स्टेज म्हणजे रोगाचा विस्तार. या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या जातात. ग्रेड ठरविण्यासाठी पेशीच्या केंद्रकातील केंद्रकी हा सूक्ष्म ठिपका पाहतात. चारशेपट मोठे करूनही तो दिसत नाही किंवा जेमतेम दिसतो तेव्हा ग्रेड १; चारशेपटीवर स्पष्ट, पण शंभरपटीवर ठळक नाही तेव्हा ग्रेड २; शंभरपटीवरच ठळक दिसतो तेव्हा ग्रेड ३; आणि पेशींचे रूप अत्यंत विकृत झालेले असेल किंवा ‘सार्कोमॅटॉइड’ अथवा ‘रॅब्डॉइड’ असा बदल आढळेल तेव्हा ग्रेड ४. पूर्वी १९८२ सालची फरमन पद्धती प्रचारात होती. २०१२ साली व्हँकुव्हर येथे तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरविलेली ही सुधारित पद्धती २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. ती क्लिअर सेल व पॅपिलरी प्रकारांसाठी आहे. क्रोमोफोब गाठीस ही ग्रेड देत नाहीत, म्हणून त्या अहवालात हा रकाना रिकामा दिसला तर ती उणीव मानू नये.

स्टेजच्या खुणा ‘पीटी’, ‘पीएन’ अशा अक्षरांनी लिहितात. यातील पहिले ‘पी’ हे, निर्णय प्रत्यक्ष अवयव तपासून दिला आहे, याचे चिन्ह. गाठ मूत्रपिंडातच सीमित असून ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर पीटी१ए, ४ हून मोठी आणि ७ पर्यंत असेल तर पीटी१बी. ७ हून मोठी आणि १० पर्यंत असेल तर पीटी२ए, त्याहून मोठी असेल तर पीटी२बी. येथपर्यंत सारा हिशेब आकाराचा आहे. पुढे मात्र हद्द ओलांडली की काय, हाच प्रश्न उरतो. मूत्रपिंडाची शीर किंवा तिच्या शाखा, भोवतीची अथवा गाभ्यातील चरबी, किंवा मूत्र साचण्याची पोकळी यांपैकी कशातही रोग शिरला असेल तर पीटी३ए. देहाच्या अधोमहाशिरेत, पण श्वासपटलाच्या खालीच असेल तर पीटी३बी. श्वासपटलाच्या वर गेला किंवा त्या शिरेच्या भित्तीतच घुसला तर पीटी३सी. आणि मूत्रपिंडास वेढणारे आवरण भेदून पलीकडे गेला, अथवा सलगपणे अधिवृक्क ग्रंथीत पोचला, तर पीटी४. म्हणून ५ सेंटिमीटरची गाठही गाभ्याच्या चरबीत शिरली असेल तर पीटी३ए ठरते आणि ९ सेंटिमीटरची आत राहिली तर पीटी२ए. उलट ३ सेंटिमीटरच्या, मूत्रपिंडातच राहिलेल्या गाठीला ग्रेड ३ मिळाली, तरी रोग अन्यत्र पसरलेला नसेल तर तो रुग्ण पहिल्याच स्टेजमध्ये असतो. ही एक गोष्ट नीट समजली तरी कित्येक घरांतील रात्री शांतपणे जातील.

‘पीएनएक्स’ हे अक्षरही असेच कारण नसता भिवविते. त्याचा अर्थ एवढाच, की लसिकाग्रंथी तपासणीसाठी आलेल्या नव्हत्या. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत, ग्रंथी वाढलेल्या दिसत नसतील तर त्या सरसकट काढण्याने रुग्णाचे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. म्हणून एक्स हे अक्षर शल्यविशारदाच्या हलगर्जीपणाचा पुरावा ठरत नाही. ‘पीएन०’ म्हणजे ग्रंथी तपासल्या आणि निर्दोष निघाल्या. ‘पीएन१’ म्हणजे त्यांत रोग आढळला. दूरच्या अवयवांत रोग आहे की नाही हे मुख्यतः स्कॅनवरून कळते, काढलेल्या मूत्रपिंडावरून कळत नाही.

आता काही पदे अशी, जी मजकुरात एखाद्या ओळीत शांतपणे बसलेली असतात, पण ज्यांचे वजन मोठे आहे. ‘नेक्रोसिस’ म्हणजे गाठीचा काही भाग आपोआप मृत झालेला असणे. क्लिअर सेल प्रकारात ते गाठीच्या वेगवान वाढीचे द्योतक मानले जाते. ‘सार्कोमॅटॉइड’ हा शब्द वर आलाच आहे. तो असल्यास डॉक्टरांशी बोलताना आवर्जून काढावा. ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत वा लसिकावाहिन्यांत रोगपेशी दिसणे. या तिन्हींपुढे ‘अ‍ॅबसेंट’ किंवा ‘नॉट आयडेंटिफाइड’ लिहिलेले असेल तर समाधान मानावे.

‘मार्जिन’ म्हणजे कापाची कड. गाठीपुरताच भाग काढलेला असेल तेव्हा हिचे महत्त्व विशेष. प्रारंभी लावलेली शाई येथे कामास येते: रोगपेशी त्या शाईपर्यंत पोचल्या नसतील तर मार्जिन ‘निगेटिव्ह’, पोचल्या असतील तर ‘पॉझिटिव्ह’. हद्दीच्या दगडापर्यंत ऊस उभा दिसला म्हणजे तो पलीकडच्या शेतातही उगवलाच आहे असे मोजणीदार लिहीत नाही. पलीकडे जाऊन पाहणे आवश्यक झाले, एवढेच त्यावरून ठरते. पॉझिटिव्ह मार्जिनचाही अर्थ तितकाच: मागे रोग राहिलाच आहे असे नव्हे, परंतु पुढील स्कॅन अधिक दक्षतेने व्हावेत. आणि ‘निगेटिव्ह’ हा शब्द कानाला अशुभ वाटला, तरी या ठिकाणी तोच हवा असतो.

याच दोन शब्दांचा आणखी एक घोटाळा ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ या सदरात होतो. गाठीचा प्रकार निव्वळ रंगवलेल्या कापावरून ठरत नसेल, तर पेशींतील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या चाचण्या करतात. पॅक्स८, सीके७, सीडी११७, कार्बॉनिक अनहायड्रेज ९ ही त्यांतील काही नावे. कोणती पॉझिटिव्ह आणि कोणती निगेटिव्ह, यांच्या मेळावरून प्रकाराची ओळख पटते. येथील पॉझिटिव्ह म्हणजे रोग वाढल्याची बातमी नव्हे. या चाचण्यांचे प्रयोजन ओळख पटविण्यापुरतेच असते. त्यांना काही दिवस अधिक लागतात, म्हणून पहिला अहवाल ‘अंतिम निर्णय राखून’ दिला गेला तर पुढील पुरवणी अहवाल न विसरता आणावा.

अहवालाच्या अखेरीस, गाठीव्यतिरिक्तच्या मूत्रपिंडाविषयी दोन ओळी असतात, आणि त्याच सर्वांत दुर्लक्षित राहतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने त्या भागात आधीच बिघाड झाला असल्यास तो येथे नोंदलेला असतो. आणि जो बिघाड काढलेल्या मूत्रपिंडात आहे तो बहुधा उरलेल्यातही असणार. कर्करोगातून मुक्त झालेल्या माणसाचे पुढील आयुष्य त्या एका मूत्रपिंडावर अवलंबून आहे, हे ओळखून रक्तदाब व साखर काबूत ठेवणे, ठराविक अवधीने क्रिएटिनिन तपासणे, आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून मनास येईल तशा खाणे बंद करणे, ही खबरदारी या दोन ओळींतूनच सुचते.

एवढे सांगितल्यावर मुख्य सूत्र मांडतो: अहवालातील कोणतेही एक पद एकटे वाचू नये. २००३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लाइबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्लिअर सेल कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पुढे अन्यत्र उद्भवण्याचा संभव किती, हे अजमावण्याची एक गुणपद्धती मांडली. तिच्यात विस्तार, लसिकाग्रंथी, गाठीचा आकार, ग्रेड आणि नेक्रोसिस या पाच गोष्टींचे गुण एकत्र करावे लागतात. एका पदाने काळीज हलले तरी उरलेली चार पदे ते सावरू शकतात. आणि एका पदाने निश्चिंत केले तरी बाकीची सावध करू शकतात. या बेरजेवरूनच पुढील स्कॅन किती अंतराने व किती वर्षे करावयाचे ते ठरते. हा रोग पाच वर्षांनंतरही क्वचित डोके वर काढतो, म्हणून ‘पाच वर्षे झाली, सुटलो’ असे समजून तपासणी सोडणे योग्य नाही. ‘केमो का देत नाहीत?’ हा प्रश्न नातेवाईक कळवळून विचारतात. त्याचे उत्तर असे, की रीनल सेल कार्सिनोमावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही, आणि लवकर सापडलेल्या गाठीत शस्त्रक्रिया हाच पूर्ण उपचार असतो. ज्यांच्या अहवालात धोक्याची बेरीज मोठी आहे अशा क्लिअर सेल रुग्णांस मात्र, शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीस चालना देणारे औषध दिल्याने रोग परतण्याचे प्रमाण घटते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. ते औषध महाग आहे आणि सर्वांस लागू नाही. कोणास लागू, हे ठरविण्याचा आधार पुन्हा हाच अहवाल.

म्हणून हा कागद जपण्याची तजवीज शस्त्रक्रियेइतक्याच गांभीर्याने करावी. मूळ अहवाल, त्याच्या दोन नकला, शस्त्रक्रियेची टिपणे आणि स्कॅनच्या प्रती घरात सातबारा व खरेदीखत जेथे राहते तेथेच ठेवाव्यात. अहवालावरचा नोंदणी क्रमांक विशेष महत्त्वाचा, कारण मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या प्रयोगशाळेच्या दप्तरी त्याच क्रमांकाने लावलेल्या असतात. प्रकार दुर्मिळ निघाला, किंवा दोन मते पडली, तर रीतसर अर्ज करून ते ठोकळे मागून घेता येतात आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी करवून घेता येते. यात पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही. टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांचे ठोकळे पुन्हा तपासणे हा नित्याचा परिपाठ आहे.

शेवटी एक विनंती, रुग्णाच्या घरच्यांना आणि डॉक्टरांनाही. आपल्याकडे अहवाल मुलगा वाचतो, जावई वाचतो, मुंबई-पुण्याचा भाचा मोबाइलवर पाहून सांगतो. ज्याच्या देहाचा तो आहे त्या माणसास मात्र ‘काही नाही, सगळे ठीक आहे’ एवढेच ऐकविले जाते. प्रेमाने केले तरी हे त्याच्या हिताचे नाही, कारण पुढची अनेक वर्षे तपासणीस जावयाचे आहे ते त्यालाच, आणि ज्याला कारण ठाऊक नाही तो दुसऱ्याच वर्षी कंटाळून थांबतो. तेव्हा भेटीच्या वेळी रुग्णास समोर बसवावे आणि डॉक्टरांकडून पाच उत्तरे मराठीत मागावीत: गाठीचा प्रकार कोणता, ती किती पसरली होती, पेशी किती उग्र होत्या, कड स्वच्छ आहे काय, आणि पुढची तपासणी केव्हा. ही पाच उत्तरे अहवालाच्या नकलेच्या पाठीमागे रुग्णाच्याच हाताने लिहून घ्यावीत, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर वा बांबोळी येथे ज्या कोणा नव्या डॉक्टरांपुढे तो उभा राहील, त्यांना आपल्या रोगाची हकीकत तो स्वतःच्या तोंडाने सांगू शकेल.